दुःसाध्यता आणि अपराधबोध : 'द ओल्ड हंटर्स'मधील स्थलरचना व द्वंद्वे

१

मराठी समीक्षेत दुर्बोधतेची चर्चा पुष्कळ झाली आहे. नवकवितेच्या उदयानंतर, विशेषतः बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेच्या निमित्ताने, कलाकृतीचे आकलन अवघड असणे हा तिचा दोष समजावयाचा की तिच्या अनुभवरूपाची ती अपरिहार्य गरज मानावयाची, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित केला गेला. त्या वादातील दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र निर्विवादपणे गृहीत धरली होती. अवघड असते ते आकलन. संहिता वाचकाच्या हाती अगोदरच संपूर्णपणे आलेली असते. कविता कितीही दुर्बोध असली तरी तिची शेवटची ओळ गाठण्यासाठी वाचकाला कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. पान उलटण्याचा अधिकार त्याला निसर्गतःच लाभलेला असतो.

संगणकीय खेळ या कलाप्रकाराने हे गृहीतक मोडीत काढले आहे. येथे संहितेचा पुढील भाग वाचकाच्या, म्हणजे खेळाडूच्या, कृतीवर अवलंबून असतो आणि ती कृती अयशस्वी होऊ शकते. एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात ज्या संहितांना 'अर्गोडिक' असे नाव दिले, त्या संहितांचा विशेष हाच की त्यांतून वाट काढावयाची तर वाचकाला खरेखुरे श्रम करावे लागतात. त्या संज्ञेच्या मुळाशी असलेले दोन ग्रीक शब्द श्रम आणि मार्ग यांचे वाचक आहेत. तेव्हा दुर्बोधतेच्या जोडीला आणखी एका कोटीची गरज निर्माण होते. तिला दुःसाध्यता असे म्हणता येईल. दुर्बोध कृती कळावयास कठीण असते; दुःसाध्य कृती घडवून आणावयास कठीण असते.

दुःसाध्यता ही केवळ क्रीडाकौशल्याची बाब आहे, तिचा सौंदर्यविचाराशी संबंध नाही, अशी एक भूमिका घेता येईल. कुस्तीचा फड जिंकणे अवघड असते, परंतु त्या अवघडपणामुळे कुस्तीला आशय प्राप्त होतो असे कोणी म्हणत नाही. उलटपक्षी व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते की, रूप अवघड करणे आणि संवेदनेचा कालावधी लांबविणे हेच कलेचे तंत्र होय. सरावाने बोथट झालेली जाणीव त्यामुळे पुन्हा धारदार होते. हा सिद्धान्त खेळाला लागू करावयाचा तर एक अडचण उभी राहते. खेळातील अवघडपणावर मात करण्याचा एकमेव उपाय म्हणजे सराव. आणि सराव हाच श्क्लोव्हस्कींच्या मते जाणिवेचा शत्रू आहे. दुःसाध्य खेळ जाणीव तीक्ष्ण करतो की बोथट करतो, हा प्रश्न म्हणूनच तात्त्विक पातळीवर सोडविण्यापेक्षा एखाद्या विशिष्ट कृतीच्या विश्लेषणातून पडताळून पाहणे अधिक फलदायी ठरेल. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेने निर्माण केलेल्या 'ब्लडबोर्न' (मार्च २०१५) या खेळाचा 'द ओल्ड हंटर्स' (नोव्हेंबर २०१५) हा विस्तार या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. या दोहोंचे दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे आहे.

२

मूळ खेळाची रूपरेषा थोडक्यात अशी. यारनॅम नावाच्या नगरात हीलिंग चर्च ही धर्मसंस्था लोकांना एका विशिष्ट रक्ताचे उपचार देते. त्या रक्तातूनच माणसांचे पशू होण्याची साथ पसरते आणि त्या पशूंचा संहार करण्यासाठी शिकारी नेमले जातात. खेळाडू असाच एक परका शिकारी आहे. या खेळात मृत्यू हा नित्याचा व्यवहार आहे. मेलेला शिकारी शेवटच्या दिव्यापाशी पुन्हा जागा होतो. त्याने मिळविलेले 'रक्ताचे प्रतिध्वनी' मृत्यूच्या जागी राहून जातात. तेथवर पोहोचण्यापूर्वी तो पुन्हा मेला तर ते कायमचे नष्ट होतात. मधल्या वाटेवरचे शत्रू प्रत्येक वेळी पुन्हा उभे राहतात. युद्धपद्धतीचा एक नियम विशेष लक्षात ठेवावा लागतो. शत्रूचा घाव बसल्यानंतर थोड्याच अवधीत प्रतिघाव केला तर गमावलेल्या प्राणशक्तीचा काही अंश परत मिळतो. मागे हटणाऱ्यापेक्षा चाल करून जाणाऱ्याला हा नियम बक्षीस देतो. 'रक्ताची धुंदी' हे या कथेचे आशयसूत्र आहे आणि ती धुंदी खेळाडूच्या बोटांत उतरविण्याचे काम हा नियम करतो. आशय आणि आविष्कार यांचे असे ऐक्य या कलाप्रकारात क्वचितच साधलेले दिसते.

'द ओल्ड हंटर्स' हा या कथेचा पुढील भाग नव्हे. त्याचे प्रवेशद्वार मूळ खेळाच्या ऐन मध्यावर ठेवलेले आहे. व्हिकर अमेलियाच्या पाडावानंतर रात्र चढली की खेळाडूच्या हाती रक्ताने धुंद झालेल्या एका शिकाऱ्याचा डोळा येतो. तो घेऊन ओडन चॅपेलबाहेरच्या एका विशिष्ट जागी गेले असता एक अदृश्य हात त्याला उचलून 'शिकाऱ्यांच्या दुःस्वप्ना'त नेऊन टाकतो. मूळ खेळात त्या रस्त्याने खेळाडू कितीदा तरी गेलेला असतो. हा हात तेथे होताच. तो दिसण्याची दृष्टी नव्हती, इतकेच.

विस्ताराच्या या स्थाननिश्चितीला मोठा अर्थ आहे. जाक देरिदा यांनी १९६७च्या आपल्या लेखनविचारात पुरवणी या संकल्पनेचे दुहेरी स्वरूप उलगडून दाखविले आहे. पुरवणी पूर्ण असलेल्या वस्तूला बाहेरून जोडली जाते. परंतु जी वस्तू पूर्ण होती तिला पुरवणीची गरज का भासावी, असा प्रश्न निर्माण करून तीच पुरवणी त्या वस्तूतील उणीव उघड करते. बहुतेक खेळांचे विस्तार हे पहिल्या अर्थाने पुरवणी असतात. चार नवे प्रदेश, दहा नवी शस्त्रे, काही अधिक बलाढ्य शत्रू असा त्यांचा हिशेब असतो. 'द ओल्ड हंटर्स' दुसऱ्या अर्थानेही पुरवणी आहे. मूळ खेळात शिकार हे एक भीषण परंतु आवश्यक कर्तव्य म्हणून खेळाडूपुढे ठेवलेले असते. ही शिकार मुळात कशातून जन्मली, हा प्रश्न तेथे अनुच्चारित राहतो. विस्तार त्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि ते उत्तर कर्तव्याच्या कल्पनेलाच सुरुंग लावणारे आहे. मियाझाकींच्याच 'आर्टोरियस ऑफ द अबिस' (२०१२) या पूर्वीच्या विस्तारातही ही पद्धत आढळते. मूळ 'डार्क सोल्स'मध्ये वीरगाथेचा नायक म्हणून ज्याचे नाव ऐकू येते, तो तेथे प्रत्यक्षात पराभूत आणि भ्रष्ट झालेल्या रूपात भेटतो. गाथेने त्याच्या नावे जमा केलेले कार्य खेळाडूच पार पाडतो. तेथे आख्यायिका खोटी ठरते. 'द ओल्ड हंटर्स'मध्ये आख्यायिकेबरोबर खेळाडूची स्वतःची कृतीही संशयास्पद ठरते. दोहोंमधील हा फरक महत्त्वाचा आहे.

३

या उत्तरापर्यंतचा प्रवास विस्ताराने स्थलरचनेच्या भाषेत मांडला आहे. दुःस्वप्नात पाऊल ठेवताच खेळाडूला जे दिसते ते अनोळखी नसते. मूळ खेळातील कॅथीड्रल वॉर्ड हा भागच येथे विकृत होऊन पुन्हा उभा आहे. त्याच पायऱ्या, तोच चढ, तीच कमान. परंतु दगडांची पडझड झालेली, रस्त्यावर पशू आणि त्यांना तोडणारे जुने शिकारी. खेळाडूही त्या जुन्या शिकाऱ्यांना वर्ज्य नाही. मूळ खेळात ज्या चढाच्या अखेरीस महामंदिरात पशूची कवटी वेदीवर पूज्य वस्तू म्हणून ठेवलेली होती, त्याच चढाच्या अखेरीस येथे एक धुमसणारा अवाढव्य पशू निश्चल बसलेला आढळतो. हा लॉरेन्स, चर्चचा संस्थापक, पहिला व्हिकर. पूजास्थानी पशू बसला आहे ही गोष्ट कोणत्याही संवादाविना, केवळ जागेच्या पुनरुक्तीतून सांगितली जाते. पूर्वपरिचित जागा अपरिचित करून दाखविण्याचे श्क्लोव्हस्कीप्रणीत तंत्र येथे अक्षरशः अवकाशात उतरले आहे. नवीन प्रदेश निर्माण करण्याचे श्रम वाचविण्यासाठी जुन्याच वास्तूचा पुनर्वापर केला, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु दुःस्वप्न हे स्मृतीचेच विकृत रूप असते हे मान्य केले तर या पुनर्वापरावाचून दुसरी कोणतीही स्थलरचना येथे उचित ठरली नसती.

यापुढील मार्गाची दिशा पाहण्यासारखी आहे. मंदिराच्या परिसरातून वाट खाली उतरते, रक्ताच्या नदीला लागते आणि प्रेतांच्या राशीपाशी तळ गाठते. तेथे लुडविग आहे. त्याच्यापलीकडच्या शस्त्रक्रियेच्या वेदीवर एक नेत्रपदक ठेवले की ती वेदीच लिफ्टसारखी वर जाते आणि खेळाडू चर्चच्या संशोधनगृहात पोहोचतो. हे पदक मिळते ते लॉरेन्सच्या निश्चल हातातून. म्हणजे श्रद्धेच्या वेदीवरील वस्तू प्रयोगाच्या वेदीची किल्ली ठरते. धर्मसंस्था आणि प्रयोगशाळा यांच्यातील नाते स्पष्ट करणारे एखादे दीर्घ निवेदन येथे सहज घालता आले असते. त्याऐवजी एक वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे काम खेळाडूला दिले आहे आणि ते करताना तो दोन वेदींमधील संबंध स्वतःच जोडतो. वोल्फगांग इझर यांनी वाचनप्रक्रियेत ज्या रिक्त जागांना महत्त्व दिले, त्या येथे शब्दशः जागा आहेत, आणि त्या भरण्यासाठी चालावे लागते.

संशोधनगृह हा एक उभा मनोरा आहे. मध्ये वळणारा जिना, भोवती मजल्यामजल्यांवर डोकी सुजून विद्रूप झालेले रुग्ण. ते आक्रमक आहेत, पण त्यांच्या तोंडी मारियाबाईंची आर्त विनवणी आहे. त्यांच्यातील ॲडलीन नावाची रुग्णा खेळाडूकडे मेंदूतील द्रव मागते. त्याने तो आणून दिला की ती आणखी मागते. वर पोहोचण्यासाठी कळ दाबून संपूर्ण जिनाच फिरवावा लागतो, आणि अगोदर जे दरवाजे समोर होते ते आता दुसऱ्याच ठिकाणी येतात. चढत जाणे हे बहुतेक आख्यानांत ज्ञानाकडे जाण्याचे प्रतीक असते. येथेही ते तसेच आहे. फरक इतकाच की प्रत्येक मजल्यावर त्या ज्ञानाची किंमत कोणी मोजली हे पाहिल्याखेरीज वरची पायरी चढता येत नाही.

मनोऱ्याच्या शेवटी घड्याळाची तबकडी आहे. ती उघडली की पलीकडे आकाश किंवा स्वर्ग नसून पावसात भिजणारी एक कोळ्यांची वस्ती दिसते. येथून वाट पुन्हा खाली, समुद्राकडे उतरू लागते. महामंदिर, प्रयोगशाळा, मनोरा अशा उत्तरोत्तर प्रतिष्ठित वास्तूंच्या मुळाशी कोळ्यांची काही खोपटी आहेत, हे या स्थलरचनेचे अंतिम विधान होय. बर्गेनवर्थ या विद्यापीठातील विद्वान आणि त्यांचे शिकारी येथे आले होते. किनाऱ्याला लागलेल्या कोस या अमानुष देवतेच्या शोधात त्यांनी गावकऱ्यांची कत्तल केली आणि आतील डोळे शोधण्यासाठी त्यांच्या कवट्या फोडल्या. वस्तीच्या तोंडाशी एक गावकरी बर्गेनवर्थला शाप देत अडखळत चालला आहे. गावकऱ्याची अशी एक तपासलेली कवटी खेळाडूच्या हातीही लागते, आणि तिचा उपयोग काय, तर शत्रूवर प्रयोग करावयाचे अस्त्र म्हणून. अत्याचाराचा पुरावा आणि युद्धसामग्री या एकाच वस्तूच्या दोन बाजू करून ठेवल्यामुळे खेळाडूला त्या पुराव्याकडे केवळ साक्षीदाराच्या नजरेने पाहता येत नाही.

४

स्थलरचनेने सांगितलेल्या या कथेत बॉसशी होणारी द्वंद्वे विरामचिन्हांसारखी आलेली आहेत. रूढ समजुतीप्रमाणे बॉस हा मार्गातील अडथळा असतो आणि त्याचा पाडाव हे पुढे जाण्याचे मूल्य असते. 'द ओल्ड हंटर्स'मध्ये प्रत्येक प्रमुख बॉस हा खेळाडूच्याच भूमिकेचे एक संभाव्य रूप आहे, आणि हे साम्य निवेदनापेक्षा युद्धाच्या लयीतून प्रतीत होते.

लुडविग हा चर्चच्या शिकाऱ्यांचा आद्य अग्रणी. तो भेटतो तेव्हा घोड्यासारख्या वेड्यावाकड्या देहाचा, किंकाळ्या फोडणारा पशू झालेला असतो. त्याच्या हालचालींत क्रम सापडत नाही. तो धावून येतो, नाहीसा होतो, वरून कोसळतो. त्याची प्राणशक्ती निम्म्यावर आली की युद्ध थांबते. कोसळलेल्या लुडविगला आपली जुनी तलवार दिसते, तिच्यात चंद्रप्रकाश उजळतो आणि तो ताठ उभा राहतो. येथून पुढे तोच देह शिस्तबद्ध तलवारबाजाप्रमाणे लढतो. मर्ढेकरांनी लयीची जी तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांतील विरोधाचे इतके शुद्ध उदाहरण या कलाप्रकारात दुर्मिळ आहे. एकाच आकृतीच्या दोन विरुद्ध लयी एकापाठोपाठ अनुभवास येतात, आणि पहिली आत्मसात करण्यासाठी घेतलेले श्रम दुसरीत निरुपयोगी ठरतात. पशूमध्ये माणूस शिल्लक आहे हे खेळाडूला 'सांगितले' जात नाही. बेशिस्त चालीशी जुळवून घेतलेली त्याची बोटे अचानक एका मानवी शिस्तीला अडखळतात, आणि ते त्याला त्या अडखळण्यातून कळते. द्वंद्वानंतर लुडविगचे तुटलेले शिर, समोरचा शिकारी चर्चच्या वेषात असेल तर, आपले शिकारी प्रतिष्ठित ठरले की नाही असे विचारते. उत्तर होकारार्थी द्यावयाचे की नकारार्थी, हे खेळाडूने ठरवावयाचे असते. होकार त्याला शांती देतो. परंतु आतापावेतो पाहिलेले सारे काही त्या होकाराला असत्य ठरविते. युद्धातील अवघडपणा संपल्यावर शिल्लक राहतो तो हा वेगळ्या जातीचा अवघडपणा, ज्याला सरावाचा उपाय नाही.

संशोधनगृहाच्या बागेतील 'जिवंत अपयशे' यांच्याशी होणारे द्वंद्व तुलनेने सोपे आहे. हे निळसर, दुबळे जीव अनेक असले तरी त्यांचा हेल्थ बार एकच आहे. एखाद्याला मारल्याने सर्वांचे मिळून असलेले आयुष्य थोडे कमी होते. प्रयोगाने ज्यांचे व्यक्तित्व काढून घेतले त्यांच्या वाट्याला मृत्यूसुद्धा वैयक्तिक आलेला नाही. युद्धाचा नियम येथे थेट आशयाचे काम करतो. खेळाडूंनी हे द्वंद्व कमकुवत मानले तर ते त्यांच्या निकषानुसार योग्यच आहे. परंतु अपयशी प्रयोगांशी तुल्यबळ झुंज झाली असती तर त्यांचे अपयश पुसले गेले असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

घड्याळाच्या मनोऱ्यातील लेडी मारियाचे द्वंद्व या दोहोंच्या विरुद्ध टोकाचे आहे. येथे पशू नाही, राक्षस नाही. खुर्चीत मृतवत् बसलेली एक शिकारी स्त्री आहे. खेळाडू तिच्या देहाला हात लावतो आणि ती तो हात पकडते. आगळीक खेळाडूची आहे, हे युद्धाच्या पहिल्या क्षणीच नोंदले जाते. मारिया खेळाडूसारखीच लढते. तीच बगल देण्याची चाल, तेच पिस्तूल, तोच अचूक क्षणी गोळी झाडून समोरच्याचा तोल घालविण्याचा डाव. आतापर्यंत इतरांवर चालविलेली युक्ती प्रथमच आपल्यावर चालते तेव्हा द्वंद्वाला आरशाचे स्वरूप येते. पुढील टप्प्यात ती स्वतःच्या देहात शस्त्र खुपसून आपल्या रक्ताचे शस्त्र करते. तिच्या 'राकुयो' या शस्त्राचे वर्णन वाचले तर असे दिसते की रक्तावर चालणाऱ्या शस्त्रांपेक्षा हस्तकौशल्यावर चालणारे हे शस्त्र तिला प्रिय होते. गुपित राखण्यासाठी ती आपल्याच निष्ठेविरुद्ध जाते आहे हे त्यावरून कळते. ते राकुयो खेळाडूला सापडते कोठे, तर तिच्या पलीकडच्या वस्तीतील एका विहिरीत. गावात जे घडले ते सहन न होऊन तिने ते तेथे टाकून दिले होते. म्हणजे ज्या शस्त्राचा तिने त्याग केला तेच दुःस्वप्नाने तिच्या हाती पुन्हा दिले आहे. खेळाडू विहिरीत उतरून, दोन महाकाय रक्षकांशी झुंजून ते शस्त्र मिळवितो आणि बहुधा मोठ्या आनंदाने वापरू लागतो. पश्चात्तापाची खूण ही पुन्हा शिकारीचे साधन होते. वस्तीचा भूगोल, शस्त्राचे वर्णन आणि खेळाडूचा लोभ या तिन्हींच्या जुळणीतून निर्माण होणारा हा उपरोध कोणत्याही पात्राच्या तोंडी घातलेला नाही.

५

येथे दुःसाध्यतेच्या सौंदर्यशास्त्रासमोरील सर्वांत गंभीर आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. अभिनवगुप्तांनी 'अभिनवभारती'त रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे निजसुखादिविवशीभाव. प्रेक्षक आपल्या खाजगी सुखदुःखांनी व्यापलेला असेल तर त्याला रसाची प्रतीती होत नाही. साधारणीकरणासाठी 'स्व'चा संकोच दूर व्हावा लागतो. अवघड खेळात विसाव्यांदा मरणाऱ्या खेळाडूचे मन संतापाने, आणि अखेर जिंकणाऱ्याचे मन हर्षाने, विवश झालेले असते. तो हर्ष आणि तो संताप नितांत खाजगी आहेत. असे असेल तर दुःसाध्य खेळ हे रसविघ्नाचे मूर्तिमंत रूप ठरते.

हा आक्षेप अंशतः खरा आहे, आणि विस्तारातच त्याचा पुरावा आहे. लुडविग उभा राहतो ते दृश्य पहिल्या वेळी अंगावर काटा आणते. पंधराव्या वेळी ते युद्धाच्या मध्ये आलेला अडथळा वाटते. परंतु पुनरावृत्तीचा परिणाम तेथेच थांबत नाही. पुष्कळ मृत्यूंनंतर संतापही झिजून जातो. मग शत्रूची हालचाल ही अपमानकारक आघात न राहता एक आकृतिबंध म्हणून दिसू लागते. तिचा आरंभ, तिचा विराम, तिचा कल ओळखीचा होतो. खेळाडू तिच्याकडे जवळजवळ निर्ममपणे पाहू लागतो, आणि असे पाहू लागल्यावाचून तो जिंकूच शकत नाही. निजसुखदुःखांचे विघ्न येथे बाहेरून दूर केले जात नाही. थकव्याने ते आतून विरघळते. श्क्लोव्हस्कींच्या संदर्भात उपस्थित झालेल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. सराव जाणीव बोथट करतो हे खरे. परंतु येथे तो प्रथम स्वतःविषयीची जाणीव बोथट करतो आणि समोरच्याविषयीची जाणीव शिल्लक ठेवतो.

कोसच्या अनाथ अपत्याशी होणारे अखेरचे द्वंद्व या प्रक्रियेवरच उभे आहे. वस्तीपलीकडच्या किनाऱ्यावर कोसचे कलेवर पडलेले आहे. त्यातून सुरकुतलेल्या, वृद्धासारख्या देहाचे एक नवजात अपत्य बाहेर येते. त्याचे शस्त्र म्हणजे त्याची वार. ते रडते आणि त्याच आवाजात तुटून पडते. संपूर्ण विस्तारातील हे बहुधा सर्वांत निर्दय द्वंद्व आहे. घाव अवेळी येतात, उड्या दूरवरून येतात, दुसऱ्या टप्प्यात देहाला पंखांसारखे अवयव फुटतात आणि आईच्या कलेवरावरून वीज किनाऱ्यावर पसरते. प्रारंभी खेळाडूला हा केवळ अन्याय वाटतो. नवजात अर्भकाशी आपण लढत आहोत हे त्याला ठाऊक असते, पण जाणवत नाही. कारण प्रतिस्पर्धी त्याच्यापेक्षा सर्वार्थाने बलवान आहे. बलवानाविषयी करुणा वाटत नाही. भयानक आणि रौद्र हेच भाव येथे प्रबळ असतात.

अखेर अपत्य पडते. पण दुःस्वप्न संपत नाही. कलेवरापाशी एक काळी, अस्पष्ट आकृती उभी राहते. ती हल्ला करीत नाही, पळत नाही, प्रतिकारही करीत नाही. पडद्यावर कोणतीही सूचना उमटत नाही. खेळाडू तिच्याजवळ जातो आणि एकच घाव घालतो. दुःस्वप्न संपल्याची अक्षरे उमटतात आणि अपत्य समुद्राकडे परतले असे सांगणारा एक आवाज ऐकू येतो.

सर्व विस्तारातील ही सर्वांत सोपी कृती आहे, आणि तिचा सोपेपणा हाच तिचा अर्थ आहे. इतका वेळ अवघडपणाने खेळाडूला एक नैतिक आडोसा दिलेला होता : समोरचा प्रबळ आहे, मी केवळ तग धरून आहे. तो आडोसा या क्षणी काढून घेतला जातो. समोर उरते ती आईच्या शवापाशी उभी असलेली निःशस्त्र आकृती आणि खेळाडूच्या हातातील शस्त्र. पूर्वी या किनाऱ्यावर आलेल्या शिकाऱ्यांची स्थिती नेमकी हीच होती. ज्या पापाचा शोध घेण्यासाठी तो इथवर आला त्या पापाची आकृती त्याच्याच कृतीत पुन्हा उमटते. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेत अभिज्ञान आणि स्थितिविपर्यय एकाच वेळी घडावेत असे म्हटले होते. येथे ते दोन्ही एका घावात घडतात. हा घाव मुक्तिदायक आहे की शेवटची हत्या आहे, याचा निर्णय संहिता देत नाही. मूळ खेळातील शिकाऱ्यांच्या स्वप्नात परतल्यावर, एरवी झोपेत तळमळणारा वृद्ध शिकारी गेर्मन आज शांत झोपल्याचे बाहुली सांगते. शांती लाभली ती अत्याचार करणाऱ्या पक्षाला. गावकऱ्यांना काय लाभले, हे कोणी सांगत नाही. करुणरस उत्पन्न होतो तो या असमतोलातून, आणि अगोदरचा दीर्घ, थकवून टाकणारा रौद्र नसता तर तो उत्पन्न झाला नसता. दुःसाध्यता ही येथे आशयाची अट आहे असे म्हणावयाचे ते या अर्थाने.

६

असे असले तरी विस्ताराची सर्व अंगे सारख्याच तोलाची नाहीत. लॉरेन्सशी होणारे ऐच्छिक द्वंद्व हे त्याचे ठळक उदाहरण. संस्थापकाचे मानवी रूप उरले आहे ते केवळ दुःस्वप्नातील एका कवटीत, आणि ती कवटी शस्त्रक्रियेच्या वेदीखाली दडवलेली सापडते. ही कल्पना अतिशय समर्थ आहे. पण ती कवटी घेऊन परतल्यावर जो लॉरेन्स जागा होतो, तो मूळ खेळातील क्लेरिक बीस्टचेच जळते रूप आहे. तो पहिला धर्मपशू असल्याने हे साम्य कथेच्या तर्कात बसते, हे खरे. परंतु युद्धाच्या पातळीवर लॉरेन्सचा अवघडपणा मुख्यतः आघाताच्या प्रमाणातून आणि आगीच्या व्याप्तीतून येतो. अखेरच्या टप्प्यात खालचा देह गमावून तो सरपटू लागतो तेव्हाही त्या लयीत लुडविगच्या दुसऱ्या टप्प्यासारखा नवा अर्थ निघत नाही. येथे दुःसाध्यता केवळ संख्यात्मक राहिली आहे. लुडविग आणि लॉरेन्स यांची तुलना केली म्हणजे अवघडपणा हे मूल्य स्वयंसिद्ध नसल्याचे सहज ध्यानात येते. तो कशाचा वाहक आहे, यावर त्याचे मूल्य ठरते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. किनाऱ्यावरील त्या घावापर्यंत पोहोचण्यासाठी जे हस्तकौशल्य आणि जो वेळ लागतो, तो सर्वांपाशी नसतो. ज्याची बोटे चपळ नाहीत, ज्याला रोजच्या कामातून दोन तास मिळत नाहीत, त्याच्यासाठी ही संहिता अपूर्णच राहते. घंटा वाजवून दुसऱ्या शिकाऱ्याचे साहाय्य मागण्याची सोय आहे. पण अडचण कमी करण्याचा दुसरा कोणताही निवड-पर्याय खेळ देत नाही. याच दिग्दर्शकाच्या 'एल्डन रिंग'चा 'शॅडो ऑफ द अर्डट्री' (२०२४) हा विस्तार प्रदेशात विखुरलेले तुकडे गोळा करून खेळाडूचे बळ वाढविण्याची स्वतंत्र व्यवस्था देतो. त्यामुळे शोध घेणे हाच अवघडपणावरील एक उपाय ठरतो. 'द ओल्ड हंटर्स'च्या बंदिस्त, एकमार्गी रचनेत अशी व्यवस्था बसली असती की नाही, हा प्रश्न खुला आहे. मात्र अपराधबोधासारखा सार्वत्रिक आशय केवळ कुशलांसाठी राखून ठेवणाऱ्या कृतीत एक अंतर्विरोध आहे, हे नाकारता येणार नाही. न खेळताच इतरांचे खेळणे पाहणारा मोठा वर्ग आज निर्माण झाला आहे. त्याला कथा कळते, शस्त्रांच्या वर्णनांचे अर्थ कळतात, दुर्बोधता भेदली जाते. तो शेवटचा घाव मात्र त्याने घातलेला नसतो.

म्हणून दुर्बोधता आणि दुःसाध्यता या कोटींचा परस्परसंबंध पुन्हा तपासावा लागतो. दुर्बोध संहितेचे स्पष्टीकरण दुसरा कोणी करून देऊ शकतो; समीक्षेचे एक प्रमुख कार्यच ते आहे. दुःसाध्य संहितेपुढे समीक्षेला हे प्रातिनिधित्व करता येत नाही. ती किनाऱ्यावरील घटनेचा अर्थ सांगू शकते, त्या घटनेची जबाबदारी वाचकाच्या हाती देऊ शकत नाही. संगणकीय खेळांची समीक्षा मराठीत उभी राहावयाची असेल तर कथानकाच्या सारांशावर किंवा तांत्रिक गुणांच्या यादीवर तिला थांबता येणार नाही. वाट कोठे उतरते, घाव कोणत्या लयीत येतो, अवघडपणा कोणत्या क्षणी काढून घेतला जातो, या प्रश्नांची दखल घेणारी परिभाषा तिला घडवावी लागेल. तशा परिभाषेची बीजे रसविचारात आणि लयविचारात अगोदरच आहेत, आणि 'द ओल्ड हंटर्स'सारख्या कृती त्यांची कसोटी पाहण्याइतक्या समर्थ आहेत.